आकडा

वडिलांचा आकडा लोखंडी,
मुठीशी काळा पडलेला, गोणीच्या कानात रुतणारा.
माझा आकडा वहीत.
एकोणतीस. तीस. एकतीस. एकतीस. एकतीस.
भिंतीला खांदा लावून हात वर, खडूची एक खूण,
मग जागच्या जागी उडी, दुसरी खूण.
मढवी सर टेप लावतात
आणि चहा मागवतात.

कोपरखैरण्यात, माथाडी वसाहतीच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या पट्ट्या आणि वजनं.
जूनमध्ये मी खांद्यावर चाळीस किलो घेऊन
बसत होते, उठत होते.
दीड महिन्यात पन्नास झाले, मांड्या तेवढ्याच.
मी विचारलं, मग ताकद आली कुठून?
सर म्हणाले, तू वसाहतीतली पोरगी, तुला काय सांगायचं,
डोकं म्हणजे मुकादम.
टोळीत माणसं पहिल्यापासून होती,
निम्मी कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेली.
हलक्या मालाला ती उठत नाहीत.
आता मुकादमाला त्यांची नावं पाठ झाली, एवढंच.

दिवाळीला सत्तर.
जीन्स मांडीशी अडायला लागली, आई चिडली.
उडी एकतीस.

आता टोळी मोठी आहे, सर म्हणाले,
पण जमते सावकाश.
उडीला वेळ किती? पाव सेकंद.
गाडी सुटल्यावर माणसं आली तर हमाली कोण देईल?
त्यांनी पट्टीवरचं निम्मं वजन उतरवलं.
मला अपमान वाटला.
खाली सावकाश जा, वर मात्र अशी ये
की पट्टी खांद्यावरून सुटायला बघेल.
तीनदा. मग तीन मिनिटं बस.
बसायचं म्हणजे बसायचं, मोबाईल नाही.

एका संध्याकाळी वडील आले, डबा विसरले होते मी.
हिंदुराव शेलार, कांदा-बटाटा मार्केट,
एकतीस वर्षं.
(एकतीस, माझ्या तेव्हाच लक्षात आलं.)
मला बसलेलं पाहून म्हणाले, ह्याचे पैसं भरतो व्हय आपण?
मग पट्टीकडे बघत राहिले.
सरांनी ऐंशी लावले.
वडिलांनी चपला काढल्या, पट्टीला हात लावून कपाळाला लावला,
पाठ वाकवून गोणीसारखी घ्यायला गेले,
सरांनी थांबवून खांदे सरळ केले.
आणि ते बसले, उठले,
बसले, उठले, सहा वेळा,
चेहऱ्यावर काही नाही,
जिना चढणाऱ्या माणसासारखे.
शेडमधली पोरं गप्प.

आता उडी, सर म्हणाले.
गोणी घिऊन कुनी उडी मारतंय का? वडील हसले.
मारली.
एकोणीस.
ते खुणेकडे बघत होते, टेपकडे नाही.
पाय जडच हायत, म्हणाले.
जड नाहीत, सर म्हणाले, त्यांना कधी कुणी घाई केली नाही.
वडील म्हणाले, घाई?
घाईशिवाय काय केलं मी?
यावर सर काही बोलले नाहीत.
पंख्याचा आवाज येत होता.

घरी जेवताना त्यांनी एकच विचारलं,
ती तीन मिनिटं बसता, त्याची मजुरी कापत न्हाईत?
नाही.
बसल्यावरच वाढतं म्हणं?
हो.
भाताचा घास तसाच हातात राहिला जरा वेळ.

फेब्रुवारीत माझे सदतीस झाले.
सरांनी चहाबरोबर बटाटेवडा मागवला.
त्याच आठवड्यात, एका पहाटे शेड उघडली
तर भिंतीवर, एकोणीसच्या वर, एक नवी खूण.
खडूची नाही.
तपकिरी, गोणपाटाच्या धुळीची, चार बोटांची,
आणि खाली फरशीवर कांद्याचं एक साल.
मी टेप लावली.
साडेबावीस.
वहीत माझ्या आकड्याखाली लिहिलं, नाव घातलं नाही.
संध्याकाळी घरी गेले तेव्हा
आकडा खुंटीवर होता, वडील जमिनीवर,
पाय लांब करून, डोळे मिटून,
तीन मिनिटांहून कितीतरी जास्त.